सातासमुद्रापलीकडची मुलाखत आणि आपले घड्याळ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



 आम्ही मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि उभी हयात प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविली. अशा माणसाने अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मुलाखतींवर बोलावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु आम्ही औषधांविषयी बोलणार नाही. तारीख, वेळ आणि पत्रलेखन या तीन गोष्टींविषयी बोलणार आहोत. आणि हे तिन्ही विषय प्राथमिक शिक्षकाच्या अखत्यारीतलेच आहेत.

आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांची नातवंडे आज परदेशांत जन्मतात व वाढतात. त्यांतील काही मुले पदवी घेतल्यावर एखादे वर्ष इकडे येऊन आजी-आजोबांजवळ राहतात, काही सेवाकार्य करतात, आणि येथूनच तिकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी अर्ज करतात. आपण त्यांस परदेशी मुले म्हणतो. परंतु अर्जाच्या दृष्टीने त्यांना परदेश म्हणजे आपले गाव होय! महाविद्यालय तिकडे, उमेदवार इकडे, आणि मध्ये अर्धी पृथ्वी. अशा स्थितीत मुलाखतीच्या तारखा जुळवाव्यात कशा, हा प्रश्न २०२४ साली सातारा जिल्ह्यातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी उभा राहिला. त्यांची नात न्यू जर्सीत जन्मलेली, तेथेच पदवीधर झालेली. ती एका ग्रामीण रुग्णालयात रुग्णांच्या नोंदी ठेवण्याचे काम करण्यासाठी वर्षभर येथे राहिली होती. तिच्या अनुमतीने, नाव न घेता, आम्ही तिची हकीकत सांगणार आहोत.

प्रथम तिकडची रीत समजून घेऊ. आपल्याकडे २०१६ पासून एम. बी. बी. एस.चा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर ठरतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेत त्यानंतर मुलाखतही होते, परंतु तो अपवाद. बहुतेक मुलांचा प्रश्न गुण, यादी आणि प्रवेश-फेऱ्या येथेच सुटतो. अमेरिकेत विद्यार्थी आधी पदवीधर होतो, मग प्रवेशपरीक्षा देऊन अर्ज करतो. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघाने एक सामाईक अर्ज ठेवला आहे, व दीडशेहून अधिक महाविद्यालयांपैकी बहुतेकांस तोच चालतो. अर्ज मे-अखेरीपासून दाखल करता येतो आणि जूनच्या अखेरीस महाविद्यालयांकडे पोहोचू लागतो. पुढे बहुतेक महाविद्यालये आपला स्वतंत्र पुरवणी अर्ज भरून मागतात. त्यानंतर निवडक उमेदवारांस मुलाखतीचे निमंत्रण येते. मुलाखती ऑगस्ट-सप्टेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात. २०२३ च्या प्रवेशांसाठी सुमारे साडेबावन्न हजार उमेदवार होते व सुमारे तेवीस हजारांस प्रवेश मिळाला. मुलाखतीवाचून प्रवेश नाही, आणि मुलाखत झाली म्हणजे प्रवेश झाला असेही नाही.

येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये परकीय नागरिकांचे अर्ज घेत नाहीत, किंवा फारच थोडे घेतात. म्हणून आम्ही बोलत आहोत ते मुख्यत्वे तेथील नागरिक असलेल्या आपल्या मुलांविषयी. आपल्या स्नेह्यांची नात अमेरिकन नागरिक होती व तिच्यापाशी भारताचे ओ. सी. आय. कार्ड होते. त्यामुळे जाण्या-येण्यास व्हिसाची अडचण नव्हती. अडचण होती ती पैशाची आणि वेळेची.

आता तारखेचे महत्त्व का, ते सांगतो. अनेक महाविद्यालये सर्व मुलाखती संपेपर्यंत थांबत नाहीत. जसजशा मुलाखती होतील तसतसा विचार होतो, आणि १५ ऑक्टोबरपासून प्रवेशाची पत्रे निघू लागतात. सप्टेंबरात मुलाखत देणाऱ्यापुढे सर्व जागा मोकळ्या असतात. फेब्रुवारीत देणाऱ्यापुढे उरलेल्या. शिवाय निमंत्रणात पुष्कळदा चार-सहा तारखांची यादी असते, आणि जो प्रथम निवडील त्याची ती तारीख. न्यू यॉर्कला दुपारी दोन वाजता पत्र सुटले, तर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. गाव झोपलेले असते. आणि सकाळी उठून पाहावे तो चांगल्या तारखा तिकडच्या उमेदवारांनी उचललेल्या! म्हणून या मुलीने त्या महाविद्यालयांकडून ई-मेल आले म्हणजे फोनची घंटी मोठ्याने वाजावी, अशी योजना केली. आजीला प्रथम याचा राग आला. पुढे घंटी वाजली की आजीच तिला हलवून उठवी.

दुसरे प्रकरण घड्याळाचे. शाळेत आम्ही भूगोलाच्या तासाला रेखांश आणि स्थानिक वेळ शिकवीत असू. तेव्हा मुले विचारीत, ‘गुरुजी, याचा उपयोग काय?’ उत्तर आता मिळाले. आपली वेळ वर्षभर एकच असते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांची वेळ मात्र वर्षातून दोनदा बदलते: मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येते. त्यामुळे न्यू यॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, तर हिवाळ्यात साडेदहा तास. ऑक्टोबरात तेथील सकाळचे नऊ म्हणजे आपले सायंकाळचे साडेसहा. तीच वेळ नोव्हेंबरच्या मध्यास साडेसात होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तेथे मुलाखत दुपारपर्यंत चालली, तर आपल्याकडे कोंबडे आरवण्याची वेळ येते. याहून मोठा घोटाळा वाराचा. न्यू यॉर्कच्या मंगळवारी दुपारचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपली बुधवारची पहाट, दीड वाजता. ‘मंगळवारी आहे’ असे मनाशी धरून मंगळवारच्या रात्री दीडला बसणारा बरोबर बसला. परंतु ‘मंगळवार, दीड वाजता’ असे कागदावर लिहिणारा चोवीस तास आधीच बसेल!

त्या मुलीने एका शंभर पानी वहीत पाच रकाने आखले होते: महाविद्यालयाचे नाव, तेथील तारीख-वार-वेळ, आपली तारीख-वार-वेळ, पत्रव्यवहार करणाऱ्या बाईंचे वा गृहस्थांचे नाव, आणि शेवटी ‘काय कळविले’. आम्ही तिची वही पाहिली. इतकी स्वच्छ वही आमच्या वर्गात असती, तर आम्ही ती इतर मुलांस दाखविली असती.

आता मुलाखतीच्या प्रकाराविषयी. २०२० च्या महामारीपूर्वी उमेदवाराने त्या गावी जाऊनच मुलाखत द्यावी, असा परिपाठ होता. महामारीत सर्व मुलाखती संगणकाच्या पडद्यावर गेल्या. त्यानंतर पुष्कळ महाविद्यालयांनी पडद्याचीच रीत चालू ठेवली, काहींनी पुन्हा प्रत्यक्ष बोलावण्यास आरंभ केला, तर काही दोन्ही पर्याय देतात. कोठे दोन अध्यापक अर्धा-अर्धा तास बोलतात. कोठे लहान लहान मुलाखतींची मालिका असते. या मालिकेची पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी काढली. तीत उमेदवार एका प्रश्नावर काही मिनिटे बोलतो, आणि मग पुढील परीक्षकाकडे जातो. यांतील काहीही असले, तरी पहिला प्रश्न एकच: केव्हा, कोठे, आणि कसे?

आमच्या स्नेह्यांच्या नातीला एकंदर चार निमंत्रणे आली. पहिली पडद्यावरची होती; नवरात्रात सायंकाळी साडेसहाची वेळ. घरासमोरच्या मंडळाचा ध्वनिवर्धक ऐन त्याच वेळी सुरू होणार. आजोबा मंडळाच्या मुलांकडे गेले व म्हणाले, “बाळांनो, आज दोन तास आरती तोंडाने म्हणा.” मुलांनी ते आनंदाने मान्य केले.

दुसरे व तिसरे निमंत्रण प्रत्यक्ष येण्याचे. एक महाविद्यालय ओहायो राज्यात, त्याची तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. दुसरे शेजारच्या पेनसिल्व्हेनियात; त्याने तारीख दिली ऑक्टोबरच्या अखेरची, म्हणजे ऐन दिवाळीची. दोन तारखांत तीन आठवड्यांचे अंतर. रुग्णालयातून इतकी रजा मिळणे शक्य नव्हते, म्हणजे दोन वेळा जाणे आले. मुंबई-न्यू यॉर्क थेट विमानालाही पंधरा-सोळा तास लागतात, आणि जाण्यायेण्याचे तिकीट लाखाच्या घरात जाते. मुलीच्या वडिलांची तिकडील नोकरी त्याच सुमारास सुटली होती. आजोबांपाशी निवृत्तीच्या पैशांची एक मुदतठेव होती. ती आजीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी व म्हातारपणासाठी ठेवलेली. ती मोडून दोन्ही तिकिटे काढावी, असे आजोबांनी ठरविले.

घरात विचार सुरू झाला. आजोबा म्हणाले, “तारीख बदलून मागू नकोस. ते थोर लोक. रागावले तर नावच काढून टाकतील.” पुण्याचे एक नातलग म्हणाले, “आपल्या ओळखीचे एक डॉक्टर त्या शहरात आहेत. त्यांच्याकडून शब्द टाकू.” आमचे मत विचारण्यासाठी आम्हांस बोलावणे आले. आम्ही काही सांगण्यापूर्वीच ती मुलगी म्हणाली, “गुरुजी आजोबा, गप्प बसायचं नाही आणि कुणाचा शब्दही टाकायचा नाही. मी त्यांना सरळ पत्र लिहिते. तुम्ही फक्त ते लांबलं आहे का तेवढं पाहा.”

तिने लिहिलेले पत्र इंग्रजीत होते. त्याचा आशय असा: निमंत्रणाबद्दल आभारी आहे. मी सध्या भारतात राहून एका ग्रामीण रुग्णालयात काम करीत आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या राज्यात मुलाखतीसाठी येत आहे. त्या आठवड्यात किंवा त्याच्या मागेपुढे आपल्याकडे एखादी जागा असल्यास मला एकाच प्रवासात येता येईल. नसल्यास आपण दिलेली तारीख मला मान्य आहे व मी त्या दिवशी हजर राहीन.

सज्जनहो, या पाच-सहा ओळींकडे आम्ही शिक्षकाच्या नजरेने पाहिले. तीत आळवणी नाही, लांबण नाही, घरच्या अडचणींचा पाढा नाही. कारण एका वाक्यात आहे आणि ते खरे आहे. मागणी नेमकी आहे. वाचणाऱ्याने वेळापत्रक उघडावे आणि हो किंवा नाही म्हणावे, एवढेच काम उरते. आणि शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. ‘नसल्यास दिलेली तारीख मान्य आहे’ हे लिहिण्यास सोपे, परंतु ते खरे असावे लागते. त्या एका वाक्यामागे आजोबांची मुदतठेव उभी होती. उत्तर नकाराचे आले असते, तर दुसऱ्या दिवशी बँकेत जावे लागले असते, हे घरात सर्वांस ठाऊक होते. म्हणूनच मुलीने ते वाक्य आजोबांस विचारून, त्यांच्यासमोर बसून लिहिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे उत्तर आले. ओहायोच्या मुलाखतीनंतर चार दिवसांनी एक जागा रिकामी झाली होती. ती तिला देण्यात आली होती. तिने त्याच घटकेस स्वीकार कळविला. रुग्णालयाने दहा दिवसांची रजा दिली, एका तिकिटात दोन्ही मुलाखती झाल्या, आणि मुदतठेव शाबूत राहिली. मुलाखतीच्या तीन दिवस आधी ती तेथे पोहोचली, कारण रात्रीचा दिवस झालेले शरीर ताळ्यावर येण्यास तेवढा अवधी लागतोच.

परंतु प्रत्येक पत्राचे उत्तर असेच येते, असा समज कोणी करून घेऊ नये. चौथे निमंत्रण कॅलिफोर्नियाचे, पडद्यावरचे. त्याची तारीख डिसेंबरात आली. आपली वेळ रात्री साडेदहा ते पहाटे चार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाचे लग्न! तिने तशाच शब्दांत दुसरी तारीख विचारली. महाविद्यालयाने सौजन्याने कळविले की, दुसरी तारीख नाही. घरातील मंडळींस वाईट वाटले. काहींनी ‘पुन्हा एकदा लिहून पाहा’ असा आग्रह धरला. तिने लिहिले नाही. एकदा विचारणे हा विनय. नकारानंतर पुन्हा विचारणे ही त्रासदायक गोष्ट, असे तिचे म्हणणे पडले व ते आम्हांस पटले. कार्यालयातील त्या बाईंपुढे तिच्यासारखी शेकडो मुले असतात. रात्रभर ती शेजारच्या शाळेच्या कार्यालयात बसली, कारण लग्नघरात निजानीज नव्हती. पहाटे चारला उठून तिने तोंड धुतले आणि सहाच्या हळदीला हजर झाली.

निकाल सांगितलाच पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या महाविद्यालयाने तिला घेतले नाही. पेनसिल्व्हेनियाच्या महाविद्यालयाने, ज्याने इतक्या आपुलकीने तारीख बदलून दिली होती, तिला प्रतीक्षायादीत ठेवले व पुढे जागा निघाली नाही. नवरात्रातल्या मुलाखतीचाही नकार आला. ओहायोने प्रवेश दिला. तेथील नियमाप्रमाणे ३० एप्रिलपर्यंत प्रत्येकाने एकच जागा हाती ठेवावयाची असते. तिच्या हाती एकच होती, आणि एकच पुरते. सध्या ती तेथे शिकत आहे. तारीख नीट जुळविल्याने प्रवेश मिळतो, असे आम्ही म्हणत नाही. तारीख नीट न जुळविल्याने जो प्रवेश मिळू शकला असता तो बुडतो, एवढेच आम्ही म्हणतो.

पेनसिल्व्हेनियाचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसास एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला पोहोचल्या. त्यांनी अमेरिकेत पोहोचल्यावरच फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास पत्र लिहून प्रवेश मागितला, आणि मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढील फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांनी जे महाविद्यालय गाठले, त्याची परंपरा आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात चालू आहे. त्यांच्या काळी पत्र जाऊन उत्तर येण्यास महिने लागत. आज तीन दिवस लागतात. परंतु पत्रात काय लिहावे, हा प्रश्न तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे: आपण कोण, आपणांस काय हवे, आणि त्यासाठी आपण काय करण्यास तयार आहोत.

आपल्या समाजात या बाबतीत दोन जुन्या खोडी आहेत, त्यांचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. एक म्हणजे मोठ्यांपुढे मागणे मांडण्याची भीती. आपण निमूटपणे गैरसोय सोसतो आणि तिला विनय म्हणतो. दुसरी म्हणजे वशिला. आपण मागणे मांडतो, पण दुसऱ्याच्या तोंडून. सरळ, थोडक्यात, खरे आणि वेळेवर लिहिणे ही तिसरी वाट आपल्या मुलांस आपण फारशी दाखविलेली नाही. ही वाट अमेरिकेच्या महाविद्यालयापुरती नाही. बँक, पंचायत, नोकरीची कचेरी, कोठेही ती चालते.

आता मंडळापुढे एक विनंती. आपल्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर एक लहान खोली जुन्या सतरंज्या व खुर्च्या ठेवण्यासाठी वापरली जाते. ती मोकळी करून तीत एक टेबल, एक खुर्ची, चांगला दिवा, इंटरनेटची जोडणी आणि वीज गेली तरी चार-पाच तास चालेल असा इन्व्हर्टर, एवढी सोय करावी. भिंतीवर दोन घड्याळे लावावीत. ज्ञातीतील ज्या मुलाची पडद्यावर मुलाखत असेल, त्याने आधी नाव नोंदवावे आणि खोली त्याची. रात्र असो वा पहाट.

यावर कोणी म्हणतील की, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांसाठी येथील सभासदांची वर्गणी का खर्चावी? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, ही खोली त्यांच्यापुरती नाही. आज पुण्या-बंगळूरच्या नोकऱ्यांच्या मुलाखतीही पडद्यावर होतात. दोन खोल्यांच्या घरात, धाकटी भावंडे, दूरदर्शन आणि शेजारचा मिक्सर यांच्या गोंगाटात, आपली कितीतरी मुले स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून मुलाखती देतात. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्याला मंडळाच्या खोलीची गरज नाही. ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठीच ती हवी. घड्याळ तिकडचे असो वा इकडचे, दार लावून शांतपणे बोलण्यास जागा हवी, ही गरज एकच आहे. टेबल व खुर्ची आम्ही आमच्याकडून देऊ. तेथे नोंदवही ठेवण्याचे व रकाने आखून देण्याचे कामही आनंदाने करू. ते आम्हांस साधते.

पालकांस शेवटी एवढेच सांगणे. तुमच्या घरात असा प्रसंग आला, तर मुलाला घाबरवू नका आणि त्याच्या वतीने कोणाकडे धावूही नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे पत्र वाचा, लांबले असेल तर कमी करावयास सांगा. ‘दिलेली तारीख मान्य आहे’ असे तो लिहीत असेल, तर ते वाक्य पाळण्यास त्याला बळ द्या. मग उत्तर कोणतेही येवो.